विश्लेषण : घरी आर्केड जॉयस्टिक घ्यायची तर कोणती? ब्रँडच्या आधी ‘स्विच कुठे मिळेल’ हे का विचारावे?

आलापल्लीच्या मामेभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. सोबत पाच लिंक आणि एकच ओळ : ‘दादा, यातली कोनती घेऊ?’ पाचही फोटोंत जवळपास सारखीच वस्तू होती. काळी पेटी, वर लाल गोळा असलेला दांडा आणि बाजूला आठ बटणे. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. साधा संच स्वस्तात मिळतो आणि नामांकित कंपनीची तयार पेटी वीस-पंचवीस हजारांच्याही पुढे जाते. दिसायला सारख्या असलेल्या या पेट्यांमध्ये नेमका फरक कशाचा? आणि नागपूरपासून दूर, जंगलाच्या कुशीतल्या गावात राहणाऱ्याने त्यातली कोणती घ्यावी? त्याला फोनवर जे सांगितले, तेच इथे सविस्तर.

जॉयस्टिक म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे गेम खेळण्याच्या कुठल्याही यंत्राला सर्रास ‘जॉयस्टिक’ म्हणतात. प्लेस्टेशनसोबत मिळणारे दोन्ही हातांत धरायचे यंत्र म्हणजे गेमपॅड. विमान उडवण्याच्या गेमसाठी असते ती फ्लाइट स्टिक. आर्केड जॉयस्टिक वेगळी. पूर्वी बसस्थानकाजवळच्या व्हिडीओ गेम पार्लरमध्ये उभे राहून जो दांडा आपण जिवाच्या आकांताने फिरवायचो, तीच ही. फरक इतकाच, की ती आता टेबलावर किंवा मांडीवर घेता येईल अशा पेटीत बसवलेली असते आणि यूएसबी वायरने संगणकाला, टीव्हीच्या कन्सोलला किंवा मोबाइलला जोडता येते.

ज्यांचे बालपण ‘मुस्तफा’ खेळण्यात गेले त्यांना हे वेगळे सांगायला नको. या गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये आणला. त्यातल्या टोपीवाल्या पात्राच्या नावानेच तो भारतभर ओळखला गेला. त्याला आठ दिशांचा दांडा आणि दोनच बटणे लागतात : एक मारायचे, एक उडी मारायचे. ही माहिती पुढे खरेदीच्या वेळी कामी येणार आहे.

दांड्याखाली काय घडते?

पेटी उलटी करून खालचे झाकण काढले, की सगळे कोडे उलगडते. दांड्याच्या खालच्या टोकाभोवती चार छोटे स्विच असतात : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. यांना मायक्रोस्विच म्हणतात. आपण दांडा डावीकडे ढकलला, की त्याचे खालचे टोक उजवीकडे जाते आणि तिथला स्विच दाबला जातो. ‘टक्’ असा आवाज येतो तो याचाच. हात सोडला, की स्प्रिंग दांड्याला पुन्हा मध्यभागी आणते.

स्विच चार आणि दिशा आठ कशा? तिरप्या दिशेला शेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबले जातात. वर आणि उजवीकडचा स्विच एकत्र लागला, की गेमला ‘तिरके वर’ असे कळते. म्हणजे या यंत्रात ‘थोडेसे डावीकडे’ असे काही नसते. स्विच लागला किंवा नाही लागला, एवढेच. घरातल्या दिव्याच्या बटणाइतके हे साधे आहे. म्हणूनच ते दुरुस्तही करता येते.

चौकोनी, अष्टकोनी की गोल?

दांडा किती आणि कुठपर्यंत जाईल, हे खालची प्लास्टिकची एक चकती ठरवते. तिला ‘गेट’ म्हणतात. चौकोनी गेटमध्ये दांडा चार कोपऱ्यांत जाऊन पक्का बसतो, त्यामुळे तिरप्या दिशा अचूक लागतात. अष्टकोनी गेटमध्ये आठही दिशांना खाच जाणवते. नव्याने शिकणाऱ्याला ते सोपे वाटते. गोल गेटमध्ये कुठेच खाच नसते. दांडा सलग फिरतो आणि दिशा ओळखण्याचे काम सगळे हातावर येते.

याशिवाय ‘चार दिशा’ आणि ‘आठ दिशा’ हा भेदही लक्षात घ्यावा लागतो. १९८० चा ‘पॅक-मॅन’ चार दिशांच्या दांड्यासाठी बनला होता. तो आठ दिशांच्या दांड्यावर खेळताना वळणावर हात जरा तिरका गेला, की गेमला एकाच वेळी दोन दिशा कळतात आणि पॅक-मॅन वळायचा राहून सरळ भुताच्या तोंडी जातो. दोष खेळणाऱ्याचा नसतो, गेटचा असतो. उलट १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये खाली, तिरके, पुढे असा पाव गोल फिरवल्याशिवाय आगीचा गोळा सुटत नाही. तिथे चार दिशांचा दांडा निरुपयोगी. काही जॉयस्टिकमध्ये गेट फिरवून चारचे आठ आणि आठचे चार करता येतात. घरात जुने आणि नवे असे दोन्ही गेम खेळले जात असतील, तर ही सोय आधी पाहा.

जपानी, कोरियन आणि अमेरिकी जॉयस्टिकमध्ये फरक काय?

बाजारात तीन घराणी आहेत, असे समजा.

जपानी : वर गोळा, हलका दांडा, बहुधा चौकोनी गेट. सानवा कंपनीची ‘जेएलएफ’ ही या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध जॉयस्टिक. दोन बोटांत धरून फिरवता येईल इतकी हलकी. सेइमित्सुची ‘एलएस-३२’ तिच्यापेक्षा जरा ताठ आणि कमी अंतरात लागणारी; विमानांच्या गोळीबाराच्या गेमसाठी अनेकांना ती आवडते. होरी कंपनी स्वतःच्या पेट्यांमध्ये ‘हायाबुसा’ नावाचा दांडा वापरते. ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त चिनी जॉयस्टिक या जेएलएफच्याच नकला आहेत.

कोरियन : वर लांबट मूठ, गोल गेट, आणि मुख्य म्हणजे स्प्रिंगऐवजी जाड रबरी कडे. त्यामुळे दांडा झटकन मध्यावर परततो. ‘टेकन’ खेळणाऱ्यांना वारंवार मागे-मागे सरकायचे असते, त्यांना हा परतावा फार उपयोगी पडतो. मात्र रबर जुने झाले, की ढिले पडते आणि तेव्हा नवे कडेच घालावे लागते.

अमेरिकी-युरोपी : वर बॅटसारखी मूठ, ताठ स्प्रिंग, सगळेच मजबूत. अमेरिकेतली हॅप आणि स्पेनमधली इंडस्ट्रियास लोरेन्झो ही यातली जुनी नावे. दांडा पूर्ण तळहातात धरून जोर लावायची सवय असलेल्यांसाठी ही बनावट. नाजूक हालचालींत ती जपानीपेक्षा मागे पडते. पण दणकट हातांच्या तीन भावंडांनी एकाच वेळी ‘मुस्तफा’ खेळायला घेतला, तर टिकते तीच.

बटणांमध्येही असाच फरक. जपानी बटणे ३० मिलिमीटरच्या भोकात बसतात आणि हलक्या स्पर्शाने लागतात. अमेरिकी बटणांचे भोक साधारण २८ मिलिमीटरचे असते आणि ती जरा जोराने दाबावी लागतात. पेटी एका मापाची आणि बटणे दुसऱ्या मापाची मागवली, तर घरी येऊन सुतारकाम वाढते.

‘झिरो डिले’ म्हणजे खरेच शून्य?

दांडा आणि बटणांच्या वायरी पेटीतल्या एका छोट्या बोर्डला जोडलेल्या असतात. हा एन्कोडर. स्विच लागल्याचे संगणकाला यूएसबीतून कळवणे हे त्याचे काम. स्वस्त संचातल्या बोर्डवर अनेकदा ‘झिरो डिले’ असे लिहिलेले असते. ते नाव आहे, मोजमाप नाही.

हिशेब सोपा आहे. बहुतेक गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवतात. म्हणजे एक चित्र पडद्यावर साधारण १६.७ मिलिसेकंद राहते. संगणक बोर्डला सेकंदाला १२५ वेळा ‘काही दाबले का?’ असे विचारत असेल, तर दोन प्रश्नांमध्ये ८ मिलिसेकंद जातात, म्हणजे जवळपास अर्धे चित्र. तेच सेकंदाला १,००० वेळा विचारले, तर १ मिलिसेकंद. ‘मुस्तफा’ किंवा ‘स्नो ब्रदर्स’ खेळताना हा फरक जाणवणार नाही. ‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘टेकन’मध्ये समोरच्याचा वार नेमका अडवायचा असेल, तेव्हा जाणवतो.

यावर स्वस्त आणि चांगला मार्ग गेल्या काही वर्षांत उपलब्ध झाला आहे. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये अवघ्या ४ डॉलरला बाजारात आला. त्यावर ‘जीपी२०४०-सीई’ हे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर टाकले, की तो वेगवान एन्कोडर होतो. प्रत्येक स्विचची एक वायर ठरलेल्या पिनला आणि दुसरी ग्राउंडला, इतकीच जोडणी. इंजिनीअरिंग किंवा आयटीआय केलेल्या कोणाही मुलाला अर्ध्या दिवसात जमावे असे हे काम आहे.

मात्र जॉयस्टिकवर पैसे घालण्याआधी टीव्हीची सेटिंग तपासा. चित्र सुंदर दिसावे म्हणून टीव्ही आतल्या आत जी प्रक्रिया करतो, तिच्यात बोर्डपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. बहुतेक नव्या टीव्हींमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो सुरू करायला एक पैसा लागत नाही. ‘नवी जॉयस्टिक स्लो आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण इथेच सुटते.

कुठल्या यंत्राला चालेल?

विंडोज संगणकाला जवळपास सगळ्याच यूएसबी जॉयस्टिक चालतात. अँड्रॉइड मोबाइलला ओटीजी वायर लागते आणि बहुतेक बोर्ड चालतात. खरी अडचण प्लेस्टेशनची. सोनीचे कन्सोल अधिकृत यंत्र आहे की नाही हे तपासते. पीएस४ वर अनधिकृत बोर्ड साधारण ८ मिनिटांनी बंद पडतो. पीएस५ चे नियम आणखी कडक आहेत. पीएस४ साठीची जॉयस्टिक पीएस५ वरच्या ‘स्ट्रीट फायटर ६’सारख्या मोजक्या गेममध्ये चालते, सगळ्यांत नाही. त्यामुळे घरी प्लेस्टेशन असेल, तर ‘सगळ्याला चालते’ या जाहिरातीवर विसंबू नका. पेटीवर पीएस४ किंवा पीएस५ चा अधिकृत परवाना लिहिलेला आहे का, ते पाहा.

चंद्रपूर-गडचिरोलीत वेगळे काय?

इथवरची माहिती पुण्या-मुंबईच्या ग्राहकालाही लागू पडते. आपल्याकडचे चार मुद्दे मात्र वेगळे आहेत.

पहिला, ऊन आणि धूळ. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत हे नाव नेहमी असते. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची बारीक धूळ घराघरांत येते. ती दांड्याच्या भोकातून सरळ आत उतरते आणि स्विचच्या संपर्कावर बसते.

दुसरा, पावसाळा. गडचिरोलीत पाऊस भरपूर आणि हवेत ओल महिनोन्‌महिने. पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो, तिथे कुरिअरची काय कथा. ऑगस्टमध्ये बिघडलेला सुटा भाग दिवाळीला हाती यावा, अशी वेळ येऊ शकते.

तिसरा, हाताळून पाहायची सोय नाही. दांड्याचा ताण आणि बटणाचा स्पर्श फोटोत दिसत नाही. चंद्रपूरहून नागपूर १५० किलोमीटरच्या आसपास आणि सिरोंचाहून गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर. त्यामुळे आपण अंदाजानेच मागवतो. मागवताना आपल्या पिनकोडवर वस्तू परत घेतात का, हे पैसे भरण्याआधी पाहावे. ‘परत करता येईल’ असे लिहिलेले असते. ‘तुमच्या गावातून उचलू’ असे लिहिलेले नसते.

चौथा, नेटवर्क. जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज येते-जाते. ऑनलाइन लढतीचा गेम तुटक नेटवर्कवर खेळणे म्हणजे डोकेदुखी. पण एकाच टीव्हीसमोर दोघे शेजारी बसून खेळायला नेटवर्क लागत नाही. आर्केड जॉयस्टिकची खरी मजा तिथेच आहे. म्हणून आपल्याकडे हजारांची एक पेटी घेण्यापेक्षा मध्यम दर्जाच्या दोन घेणे केव्हाही शहाणपणाचे.

दुरुस्तीत कोण पुढे?

इथे स्वतःचा अनुभव सांगतो. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी हौसेने एक तयार पेटी मागवली. जपानी पद्धतीची नक्कल, दिसायला देखणी. पहिल्याच मे महिन्यात तिची डावी दिशा गेली. पात्र उजवीकडे धावायचे, डावीकडे वळायचेच नाही. विकणाऱ्याकडे सुटा भाग नव्हता. पेटी चार महिने कपाटावर पडून होती. शेवटी ती चंद्रपुरातल्या मिक्सर-ओव्हन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराकडे नेली. त्याने झाकण उघडून पाहिले आणि चारही स्विच एकाच छोट्या बोर्डवर सोल्डर केलेले असल्याचे दाखवले. त्या मापाचा स्विच त्याच्याकडे नव्हता. ओव्हनच्या दारात असतो तसला मोठा, वेगळा स्विच असता, तर उभ्या उभ्या बदलून दिला असता, असे त्याचे म्हणणे. त्या दिवशी जे कळले, ते कुठल्याच जाहिरातीत वाचले नव्हते.

अमेरिकी पद्धतीच्या बॅट-मुठीच्या जॉयस्टिकमध्ये चारही स्विच सुटे आणि मोठ्या मापाचे असतात. त्याच मापाचे स्विच मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात आणि इतर घरगुती यंत्रांत असतात. ते विजेच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. वायरी सोल्डर न करता लग सरकवून बसवता येतात. फक्त दोन गोष्टी पाहायच्या : स्विचवर लांब पत्ती नको आणि वायरी ‘कॉमन’ व ‘नॉर्मली ओपन’ या दोन टोकांना जोडायच्या. नव्या स्विचचा ताण थोडा वेगळा जाणवेल. चारही एकदम बदलले, तर हाताला फरक कळणार नाही.

जेएलएफसारख्या जपानी जॉयस्टिकमध्ये स्विच बोर्डवर सोल्डर केलेले असतात. एक गेला, तर हात चांगला असलेल्याने सोल्डर करून बदलावा, नाहीतर अख्खा बोर्ड मागवावा. तो सहज निघतो आणि बसतो, पण कुरिअरची वाट पाहावी लागते. म्हणून ही जॉयस्टिक घेणाऱ्याने सुरुवातीलाच एक जादा बोर्ड आणि एक जादा स्प्रिंग मागवून ठेवावी. तयार नकली पेटी घेताना तिच्यात खऱ्या जेएलएफच्या मापाचा दांडा बसतो का, हे विचारावे. बसत असेल, तर आज स्वस्त पेटी घेऊन उद्या फक्त दांडा बदलता येतो.

बिघाड ओळखायला मल्टिमीटर पुरतो. तो कॉन्टिन्युइटीवर ठेवून स्विचच्या दोन टोकांना लावायचा आणि दांडा हलवायचा. ‘बीप’ आली, तर स्विच ठीक, वायर किंवा बोर्ड तपासा. नाही आली, तर स्विच गेला. दांडा करकरत असेल, तर फक्त त्याच्या फिरत्या सांध्यावर ग्रीसचा हलका हात द्या. स्विचमध्ये तेल किंवा गंज काढणारा स्प्रे मारू नका. त्यावर धूळ आणखी चिकटते. आणि दांड्याच्या तळाची बारीक चिमटा-पट्टी स्क्रू ड्रायव्हरने काढताना वर फडके धरा. ती उडाली, की पलंगाखाली शोधण्यात संध्याकाळ जाते.

पेटी इथेच बनवता येईल का?

येईल, आणि या बाबतीत आपले जिल्हे नशीबवान आहेत. बल्लारपूरच्या आगारातले सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी गेले. आलापल्लीच्या सागवानाचे नावही जुने. जॉयस्टिकच्या पेटीला एवढे मोठे लाकूड लागत नाही. सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांत काम होते. मात्र लाकूड बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. ‘जंगलातून स्वस्तात आणून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेतलेले सागवान खेळण्याच्या पेटीसाठी वनखात्याच्या चौकशीला आमंत्रण देईल.

बाजू सागवानाच्या किंवा जाड प्लायच्या करा. वजनामुळे पेटी खेळताना सरकत नाही. वरचा पत्रा मात्र पातळ हवा. जपानी बटणे दोन प्रकारची असतात : दाबून बसणारी आणि मागून चुडी लावून आवळायची. दाबून बसणारी बटणे जाड प्लायमध्ये अडकतच नाहीत. जाड लाकूडच वापरायचे असेल, तर चुडीची बटणे मागवा. बटणे हातात आल्यावरच भोके पाडा. वेबसाइटवरच्या मापावर सुताराला काम सांगू नका. तळाचे झाकण खिळ्यांनी ठोकू नका, स्क्रूने लावा. ते वर्षातून दोनदा उघडायचे आहे : उन्हाळा संपल्यावर धूळ काढायला आणि पावसाळा संपल्यावर गंज पाहायला.

दांडाच नसलेली पेटी हा काय प्रकार?

अलीकडे ‘लिव्हरलेस’ पेट्या लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांत दांडा नसतो. डावी, उजवी, खाली, वर यांसाठी चार बटणे असतात. मोडण्यासारखा फिरता भाग नाही, बटणे सुटी मिळतात आणि पिकोवर घरी बनवायला सर्वांत सोपी. डावे आणि उजवे एकदम दाबले, तर काय करायचे, हे मात्र बोर्डला आधी ठरवून द्यावे लागते. मोठ्या स्पर्धांमध्ये त्याचे नियम आहेत. संगणकाच्या कीबोर्डवर खेळलेल्या पिढीला ही पेटी पटकन जमते. पार्लरमध्ये दांडा फिरवलेल्या पिढीला ती हार्मोनियमसारखी वाटते.

जॉयस्टिक कोणी घेऊच नये?

बीजीएमआय, फ्री फायर किंवा फुटबॉलचे गेम खेळणाऱ्यांनी. तिथे ‘थोडेसे वळणे’ लागते आणि आर्केड दांड्याला थोडेसे म्हणजे काय ते कळत नाही. त्यांच्यासाठी साधे गेमपॅडच योग्य. लढतीचे गेम जिंकायला महागडी जॉयस्टिकच हवी, हाही गैरसमज. अमेरिकेत होणाऱ्या ‘इव्हो’ या जगप्रसिद्ध स्पर्धेत २०१४ मध्ये फ्रान्सच्या लुफी या खेळाडूने ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चे विजेतेपद पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या गेमपॅडवर मिळवले. यंत्र हाताला सरावाचे असणे महत्त्वाचे, किंमत नव्हे.

‘मुस्तफा’ कायदेशीर मिळतो का?

जुने गेम संगणकावर चालवणारे ‘मेम’ हे सॉफ्टवेअर १९९७ पासून मोफत उपलब्ध आहे आणि ते वापरण्यात गैर काही नाही. गेमच्या फायली मात्र कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. हजारो गेम भरून विकले जाणारे स्वस्त बॉक्स आणि पेनड्राइव्ह बहुतेक वेळा परवानगीविना तयार केलेले असतात. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारधाडीच्या सात गेमचा अधिकृत संच आणला. त्यात ‘फायनल फाइट’ आणि ‘कॅप्टन कमांडो’ आहेत, ‘मुस्तफा’ नाही. तो गेम एका अमेरिकी चित्रकथेवर आधारलेला आहे. दोन-तीन बटणांवर दोघांनी खेळायचे समाधान हवे असेल, तर हा संच चांगली सुरुवात आहे. ‘मेटल स्लग’ही अधिकृतपणे विकत मिळतो.

मग निवड कशी करायची?

आधी गेम ठरवा, मग गेट, मग बोर्ड आणि सर्वांत शेवटी ब्रँड.

घरात लहान मुले आणि जुने गेम : बॅट-मुठीची, सुट्या मोठ्या स्विचची जॉयस्टिक, साधा एन्कोडर, दोन संच. चार-आठ दिशा बदलता आल्या, तर उत्तम.

‘स्ट्रीट फायटर’ मनापासून शिकायचे आहे : जेएलएफ किंवा तिच्या मापाची जॉयस्टिक, पिको बोर्ड, सोबत एक जादा स्विच-बोर्ड.

‘टेकन’च खेळायचे : कोरियन जॉयस्टिक आणि जादा रबरी कडे. ती आपल्या पेटीत बसते का, हे आधी मोजून घ्या.

प्लेस्टेशन ५ आहे आणि वायरींना हात लावायचा नाही : अधिकृत परवान्याची तयार पेटी. महाग पडेल, पण स्वस्तातली चालणारच नाही.

मामेभावाने पाठवलेल्या पाच लिंकपैकी तीन देखण्या पेट्यांच्या वर्णनात सुट्या भागांचा उल्लेखच नव्हता. चौथी पीएस५ ची होती. त्याच्याकडे आहे तो कॉलेजचा लॅपटॉप. पाचवी सर्वांत साधी. चार सुटे स्विच, बॅटसारखी मूठ, वायरी आणि बोर्ड. पेटी नाहीच. त्याला तीच घ्यायला सांगितले, तीही दोन. पेटी गावातला सुतार करून देईल. मागवण्याआधी मात्र आलापल्लीतल्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन ओव्हनच्या दाराचा स्विच मिळतो का, एवढे विचारून ये, असे सांगितले. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. दुकानाच्या काउंटरवर तसे चार स्विच ठेवलेले होते. ऑर्डर त्याने त्यानंतर केली.